वेदनेचा पुरावा : मोटार अपघाताचा दावा आणि बिलात न दिसणारं नुकसान

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, की तत्त्वज्ञानाच्या मास्तरांनी मोटार अपघाताच्या भरपाईवर बोलायचं काय कारण? हा तर वकिलांचा प्रांत. शंका रास्त आहे. मी वकील नाही, आणि आज जे सांगणार आहे ते ऐकून कुणी वकील करायचं टाळू नये. पण नोकरीची तीस-बत्तीस वर्षं मी वर्गात एक प्रश्न शिकवत आलो, तो असा : दुसऱ्याला दुखतं आहे हे मला कळतं कसं? वर्गात हा प्रश्न सुटला नाही तरी कुणाचं बिघडत नाही. तास संपतो, मुलं कॅन्टीनला जातात. पण जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत मोटार अपघात दावा न्यायाधिकरण बसतं, ज्याला सगळे ‘ट्रायब्युनल’ म्हणतात, तिथं हाच प्रश्न रोज पुकारला जातो आणि त्याचं उत्तर रुपयांत द्यावं लागतं. ते उत्तर चुकलं तर एका घराचं पुढचं आयुष्य बिघडतं. म्हणून आज हा विषय घेतला.

आधी कायद्याची चौकट थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या कलम १६६ खाली जखमी माणूस किंवा मृताचे वारस अर्ज करतात. कलम १६८ न्यायाधिकरणाला सांगतं की ‘न्याय्य’ वाटेल ती भरपाई ठरवा. तो ‘न्याय्य’ शब्द मुद्दाम मोकळा ठेवलेला आहे, आणि आपली सगळी चर्चा त्या मोकळ्या जागेत आहे. एक वाट वेगळी आहे, कलम १६४ ची. तिथं चूक कुणाची हे सिद्ध करावं लागत नाही. मृत्यूला पाच लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख, अशी ठरलेली रक्कम मिळते. पण ठरलेली रक्कम म्हटली की तिथं वेदनेची वेगळी चौकशी आलीच नाही. कुणाचा अंगठा किती दुखतो हे विचारायचं असेल तर १६६ च्याच दारात जावं लागतं.

आता नुकसानाचे दोन वर्ग. एक, ज्याची पावती असते : दवाखान्याचं बिल, औषधं, रिक्षाचं भाडं, बुडालेला पगार, पुढं कमी होणारी कमाई. दुसरा वर्ग, ज्याची पावती कुठंच फाटत नाही. २०१० साली राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या दुसऱ्या वर्गाचे तीन कप्पे नीट मांडले. पहिला, दुखापतीमुळे झालेली वेदना, यातना आणि मनाला बसलेला धक्का. दुसरा, आयुष्यातल्या सोयीसुखांना मुकणं, ज्यात लग्न जमण्याची शक्यता मावळणंही येतं. तिसरा, आयुर्मान घटणं. आणि त्याच निकालात एक वाक्य आहे जे प्रत्येक अर्जदाराला माहीत हवं. त्याचा आशय असा, की नेहमीच्या दुखापतीत वेदनेची भरपाई मिळेल. पण सोयीसुखं गमावल्याची किंवा आयुर्मान घटल्याची भरपाई दुखापत गंभीर असेल आणि अर्जदाराच्या सांगण्याला दुजोरा देणारा नेमका वैद्यकीय पुरावा असेल, तरच. म्हणजे पहिला कप्पा तुमच्या शब्दावर थोडाफार उघडतो. दुसऱ्याला दोन किल्ल्या लागतात, तुमचा शब्द आणि डॉक्टरची साक्ष.

हे दोन कप्पे वेगळे का, इथं जरा थांबू. एरिक कॅसल नावाचे अमेरिकन डॉक्टर होते. त्यांनी १९८२ साली एका लेखात मांडलं की दुखणं शरीराला होतं, पण यातना माणसाला होते. आणि वैद्यकाचं शिक्षण शरीर बघायला शिकवतं, माणूस निसटतो. बाळंतपणाच्या कळा भयंकर असतात, पण त्यांना अर्थ असतो, शेवट असतो. उलट पायात फारसं दुखत नाही, पण हा पाय आता वाकणार नाही, हे कळलेल्या माणसाची यातना वेदनाशामक गोळीने जात नाही. मराठीत आपण ‘दुखणं’ आणि ‘दुःख’ असे दोन शब्द सहज वापरतो. प्रतिज्ञापत्रात मात्र दोन्ही एका ओळीत कोंबले जातात : ‘अर्जदारास असह्य शारीरिक व मानसिक वेदना झाल्या आहेत.’ बस. ही ओळ आजच्या विषयातला सर्वांत मोठा शत्रू आहे, असं मी म्हणेन. ती खोटी नसते. पण ती हजार अर्जांत तशीच असते, त्यामुळे वाचणाऱ्याला ती दिसेनाशी होते. न्यायाधीशाने दहा हजार, पंचवीस हजार अशी ठोकळ रक्कम लिहिली तर त्याला दोष किती द्यायचा? त्याच्यापुढं माणूस आलाच नाही, ठोकळ वाक्य आलं.

मग पुरावा म्हणजे काय द्यायचं? इथं आपले नैयायिक मदतीला येतात. न्यायदर्शनात सुख-दुःख हे आत्म्याचे गुण. ज्याचं दुःख त्याला ते मनाने प्रत्यक्ष कळतं. दुसऱ्याला ते प्रत्यक्ष कळत नाही. दुसऱ्यापुढं दोनच वाटा उरतात, शब्द आणि अनुमान. ट्रायब्युनलमध्येही नेमक्या याच दोन वाटा आहेत, बघा.

शब्द म्हणजे अर्जदाराची साक्ष. पण कुणाचाही शब्द प्रमाण नसतो, आप्ताचा असतो. वात्स्यायनाने आप्त कोण हे सांगितलं आहे : ज्याला ती गोष्ट स्वतः कळली आहे आणि जशी कळली तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे, तो. पहिल्या अटीवर अर्जदाराला कुणी हरवू शकत नाही. त्याच्या गुडघ्याचं दुखणं त्याच्याइतकं कुणाला माहीत? विमा कंपनीचा वकील उलटतपासणीत हल्ला करतो तो दुसऱ्या अटीवर : ‘जास्त पैसे मिळावेत म्हणून तुम्ही वाढवून सांगता, हे खरं आहे का?’ यावर ‘खोटं आहे’ एवढंच उत्तर असतं. पण आप्तपणा त्या एका उत्तरात ठरत नाही, आधीच्या सगळ्या सांगण्यात ठरतो. जो म्हणतो ‘मला काहीच करता येत नाही’, तो लग्नाच्या मांडवात उभा असलेल्या एका फोटोने संपतो. जो म्हणतो ‘सपाटीवर अर्धा तास चालता येतं, जिना चढताना कठडा धरावा लागतो, लग्नाला गेलो होतो, पण पंगतीत बसता आलं नाही, खुर्ची मागून घेतली’, त्याला तोच फोटो दाखवला तर तो म्हणेल, हो, मीच आहे, शेजारी खुर्ची दिसते आहे. जे करता येतं ते प्रामाणिकपणे सांगितलं की जे करता येत नाही त्यावर विश्वास बसतो.

आता अनुमान. धूर दिसला की अग्नी आहे असं म्हणतो, कारण जिथं धूर तिथं अग्नी ही व्याप्ती आपल्याला ठाऊक असते. वेदनेचा धूर कोणता? दवाखान्यातले आतले कागद, ज्यांना ‘इनडोअर केसपेपर’ म्हणतात. डिस्चार्ज कार्ड सगळे जपून ठेवतात, पण ते एका पानाचं असतं, त्यात वेदना नसते. केसपेपरमध्ये परिचारिकेने रात्री दोन वाजता लिहिलेलं असतं, की रुग्ण दुखण्याची तक्रार करतो, इंजेक्शन दिलं. ती नोंद करणाऱ्या बाईला भरपाईशी काही देणंघेणं नव्हतं, आणि ती तिथल्या तिथं केलेली आहे. अशा निरिच्छ नोंदीचं वजन फार. तसेच शस्त्रक्रिया किती झाल्या, अंगात सळई किती दिवस होती, वेदनाशामक किती महिने चालू होती, फिजिओथेरपीला कितीदा गेला. हे कागद अर्जदार मागू शकतो आणि लवकर मागावेत. दावा उभा राहून साक्षीची वेळ येईपर्यंत वर्षं जातात.

पण नैयायिक लगेच विचारतील, व्याप्ती पक्की आहे का? विमा कंपनीचं आवडतं अनुमान असं असतं : क्ष-किरण चित्रात हाड जुळलेलं दिसतं, म्हणून आता दुखत नाही. ही व्याप्ती फसवी आहे. हाड जुळूनही सांधा आखडलेला असू शकतो, मज्जातंतू दुखावलेला असू शकतो. पण हे न्यायाधीशाला सांगणार कोण? डॉक्टर. आणि डॉक्टर न्यायालयात यायला नाखूश असतात. ओपीडी सोडून दिवसभर बाकावर बसायचं, वर आडवेतिडवे प्रश्न. राजकुमार निकालात न्यायालयाने या अडचणीची दखल घेतली : डॉक्टरांना नेमकी वेळ द्या, गरज पडली तर आयुक्त नेमून साक्ष नोंदवा. त्याच निकालाने हेही बजावलं की कुठूनही आणलेलं तयार अपंगत्व प्रमाणपत्र डोळे मिटून स्वीकारू नका. शंका असेल तर वैद्यकीय मंडळाकडे पाठवा. ज्याने उपचार केले किंवा ज्याने नंतर रीतसर तपासलं, त्या डॉक्टरने पिंजऱ्यात येऊन सांगायला हवं. नुसता कागद दाखल केला म्हणजे तो सिद्ध झाला असं नाही.

प्रमाणपत्रावरच्या टक्क्यांबद्दल घोळ फार आहे. ‘पायाचं ४० टक्के अपंगत्व’ म्हणजे सगळ्या शरीराचं ४० टक्के नव्हे, आणि कमाईचं ४० टक्के तर नव्हेच. न्यायालयाने दिलेलं उदाहरण साधं आहे : डावा हात गेला तर सुताराचा किंवा ड्रायव्हरचा धंदाच गेला, सरकारी कारकुनाची नोकरी टिकूही शकते. हे झालं कमाईपुरतं. पण आपल्या विषयात उलटा मुद्दा निघतो, जो वकीलही विसरतात. त्या कारकुनाचा पगार चालू आहे म्हणून त्याचं काहीच गेलं नाही का? तो संध्याकाळी भजनी मंडळात पखवाज वाजवत असेल तर? पगाराच्या रकान्यात शून्य आणि सोयीसुखांच्या रकान्यात डोंगर, असंही होतं. उत्पन्न बुडालं नाही अशा माणसाने तर हा दुसरा रकाना अधिक काळजीने भरायला हवा.

तो भरायचा कसा? इंग्रजीतून आलेला ‘ॲमेनिटीज’ हा शब्द फार गुळगुळीत आहे. त्याने डोळ्यांपुढं क्लबातला टेनिसपटू येतो. आपल्याकडे सोयीसुखं म्हणजे काय, ते आपल्या जगण्यातून काढायला हवं. मांडी घालून बसता येणं. उकिडवं बसता येणं. ज्या घरात भारतीय पद्धतीचा संडास आहे तिथं गुडघा न वाकणं ही दर सकाळची मानहानी आहे, आणि नेमकं हेच सांगायला माणसं लाजतात. देवापुढं बसून पूजा करता येणं, जात्यावर नसेल पण परातीपुढं बसून कणीक मळता येणं, नातवाला कडेवर घेता येणं, वारीला चालत जाता येणं, शेताच्या बांधावरून तोल सावरत जाता येणं. नवरा-बायकोच्या सहवासाचा भाग तर कुणी उच्चारतच नाही. तोही नुकसानात मोडतो, आणि तो बंद खोलीत वकिलाला तरी सांगावा.

आणि प्रत्येक गोष्टीला ‘आधी’ हवं. अपघातानंतर वारीला जाता येत नाही, याला अर्थ येतो तो अपघातापूर्वी माणूस वारीला जात होता म्हणूनच. ते ‘आधी’ सिद्ध करायला दिंडीतला सोबती साक्षीला येऊ शकतो, मंडळाचा जुना फोटो चालतो, शाळेच्या स्पर्धेचं प्रशस्तिपत्र चालतं. शेजारी, सहकारी, कीर्तनातला टाळकरी हे साक्षीदार बायको-मुलांपेक्षा काही वेळा जास्त उपयोगी पडतात, कारण त्यांना पैशात वाटा नसतो. बायकोने मात्र तेच सांगावं जे तिलाच दिसतं : रात्री किती वाजता उठतात, मोजे कोण घालतं, चिडचिड कधीपासून सुरू झाली.

मनाच्या दुखापतीबद्दल एक स्पष्ट सांगतो. हॉर्न ऐकला की छातीत धडधडणं, गाडीत बसायची भीती, झोप न लागणं, हे अनेकांना होतं आणि घरात दाबलं जातं. लोक काय म्हणतील म्हणून मानसोपचारतज्ज्ञाकडे नेत नाहीत. मग तीन वर्षांनी प्रतिज्ञापत्रात ते एकदम अवतरतं आणि वकील विचारतो, तेव्हा कुणाला सांगितलं होतं का? सांगितलेलं नसतं. उपचार घ्यावेत ते बरं वाटावं म्हणून, पुराव्यासाठी नव्हे. पण घेतले की पुरावाही आपोआप तयार होतो. ज्यांना लिहायची सवय आहे त्यांनी साधी वही ठेवावी : तारीख, काय जमलं नाही, कोणती गोळी घेतली. दोन ओळी पुरेत. आणि चांगला दिवस गेला तर तोही लिहावा. रोज सारखंच रडगाणं असलेली वही एका बैठकीत लिहिल्यासारखी दिसते.

सिद्धतेचं माप किती? फौजदारी खटल्यासारखं निःसंशय सिद्ध करावं लागत नाही. शक्यतेचं पारडं ज्या बाजूला झुकेल ते मान्य. विट्गेनश्टाईनने एक गंमत मांडली होती : प्रत्येकाकडे एक डबी आहे, आत किडा आहे, पण ज्याने त्याने आपल्याच डबीत बघायचं. मग ‘किडा’ या शब्दाचा अर्थ काय उरला? त्याचा रोख असा, की वेदनेची भाषा आतल्या गुप्त वस्तूवर उभी नसून कण्हणं, लंगडणं, टाळणं, मदत मागणं या सगळ्यांच्या डोळ्यांपुढच्या वागण्याशी विणलेली आहे. मला वाटतं, चांगला न्यायाधीश हे न वाचताच जाणतो. तो डबी उघडायला सांगत नाही. तो माणूस पिंजऱ्याची पायरी कशी चढला हे बघतो.

आता रक्कम. कमाईच्या नुकसानाला गणित आहे : उत्पन्न, वय, वयानुसार गुणक. वेदनेला गुणक नाही. १९९५ च्या आर. डी. हट्टंगडी निकालात चाकाच्या खुर्चीला खिळलेल्या एका वकिलाला सर्वोच्च न्यायालयाने वेदनेसाठी दीड लाख आणि सोयीसुखांसाठी दीड लाख दिले, आणि म्हटलं की ही रक्कम ठरवणं सोपं नाही, पण वय, झालेली हानी, पुढच्या आयुष्यावरचा परिणाम या परिस्थितीचा विचार झाला आहे हे निकालात दिसलं पाहिजे. हे उत्तम. मात्र तिथं रक्कम वाढवताना तो माणूस चांगली वकिली चालणारा होता याचाही उल्लेख आहे, आणि तो मला खटकतो. वकिली बुडाली त्याची भरपाई कमाईच्या रकान्यात मिळतेच. मोडलेला कणा वकिलाला हमालापेक्षा जास्त दुखतो असं कुठलंही दर्शन सांगत नाही. वेदनेचा रकाना हा एकच रकाना आहे जिथं गरीब माणूस श्रीमंताच्या बरोबरीने उभा राहू शकतो. तिथं तरी उत्पन्नाचा दाखला आत येऊ नये.

नंतरच्या निकालांत हात सैल झालेला दिसतो. २०२० साली एका मुलीच्या प्रकरणात, जिला बाराव्या वर्षी अपघात झाला आणि जिचं सामाजिक वय नऊ महिन्यांच्या बाळाइतकं राहिलं, न्यायालयाने वेदना आणि सोयीसुखं मिळून १५ लाख दिले. लग्नाची शक्यता गेल्याचे वेगळे. २०२४ साली के. एस. मुरलीधर निकालात एका वेदनेच्याच कप्प्यात १५ लाख दिले. तुलनेला हे बघा : २०१७ च्या प्रणय सेठी निकालाने मृत्यूच्या प्रकरणात जोडीदाराच्या सहवासाला ४०,००० हा आकडा ठरवून दिला, दर तीन वर्षांनी दहा टक्के वाढ. तिथं पुराव्याला वाव नाही, आकडा सगळ्यांना सारखा. एकसारखेपणा हवा की माणूस बघून न्याय हवा, या दोन इच्छा एकमेकींशी भांडतात, आणि मला दोन्हींचं म्हणणं पटतं. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये अशा नुकसानाला एक लाख डॉलरची कमाल मर्यादाच घातली. त्यांचं म्हणणं, पैसे वेदनेची किंमत नसतात. गेलेल्या सुखाच्या जागी दुसरं थोडं सुख आणता यावं म्हणून ते द्यायचे. ही दृष्टी मला उपयोगी वाटते, मर्यादा नव्हे. कारण त्यातून अर्जदाराला प्रश्न मिळतो : या पैशांनी तुमचं काय सुसह्य होणार आहे? खाली बसता येत नाही तर संडास बदलायचा आहे, वर चढता येत नाही तर खोली खाली आणायची आहे. असं ठोस सांगितलेलं न्यायाधीशाला लिहायला सोपं जातं. अर्ज करताना आकडा कमी लिहिला गेला असेल तर घाबरू नये. न्याय्य भरपाई मागितलेल्या रकमेपेक्षा जास्तही देता येते, हे नागप्पा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलं आहे.

समोरून एक चिठ्ठी आली आहे, ती वाचतो. ‘जो बेशुद्धच आहे, ज्याला काही कळतच नाही, त्याच्या वेदनेचा दावा कसा?’ फार चांगला प्रश्न. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे १९६३ मध्ये, वेस्ट विरुद्ध शेफर्ड खटल्यात, हाच प्रश्न आला होता. डोक्याला मार लागून जिची जाणीव जवळजवळ गेली होती अशी एक स्त्री. बहुमताने ठरलं, की वेदना जाणिवेवर अवलंबून आहे, जाणीव नसेल तर ती नाही किंवा कमी. पण सोयीसुखांचं नुकसान ही वस्तुस्थिती आहे, ते जाणवो न जाणवो, झालेलंच आहे. विरोधी मताचे न्यायाधीशही होतेच. त्यांना वाटत होतं, ज्या पैशाचा तिला उपयोग नाही तो द्यायचा कशाला. मी बहुमताच्या बाजूचा आहे. माझं घर मी झोपेत असताना लुटलं गेलं तर लूट झाली नाही असं कसं म्हणणार? म्हणून अशा रुग्णाच्या घरच्यांनी ‘त्यांना फार त्रास होतो’ असं ओढूनताणून सांगू नये, डॉक्टरच ते खोडून काढील. त्यांनी सांगावं की हा माणूस काय काय करत होता, आणि आता त्यातलं काय उरलं.

दुसरी चिठ्ठी लोकअदालतीची आहे : तडजोड करावी का? करावी, वर्षं वाचतात, आणि आजारी माणसाला आजचा रुपया हवा असतो. पण तिथं एकगठ्ठा आकडा सांगितला जातो. सही करण्याआधी वकिलाला विचारा, यात कमाईचे किती, उपचाराचे किती, आणि वेदना-सोयीसुखांचे किती धरलेत? आणि आणखी शस्त्रक्रिया बाकी असेल तर डॉक्टरकडून तसं लिहून घेऊन मगच बोलणीला बसा, कारण एकदा तडजोड झाली की पुढच्या दुखण्याचा हिशेब त्यात आलेला मानतात.